माड लावण्याआधी आपल्या शेतातली थंडी मोजा



भात बिघडले तर पुढच्या जूनला सुधारता येते. वाल गेला तर एक हंगाम गेला, एवढेच. माडाचे तसे नाही. बाणवलीसारख्या उंच जातीचे रोप आज लावले तर पहिला नारळ हाती यायला सहा ते आठ वर्षे जातात. ठेंगू आणि संकरित जाती लवकर लागतात, तरी त्यांनाही तीन-चार वर्षे जपावेच लागते. तेव्हा जागा चुकली हे कळेपर्यंत घरातले पोर प्राथमिक शाळेतून हायस्कुलात गेलेले असते. घातलेले पाणी, खत आणि अडवलेली जमीन परत येत नाही. म्हणून माडाच्या बाबतीत जी चौकशी करायची ती खड्डा खणण्याआधी करायची.

आंबिवली, मोहने, अटाळी, वडवली, मांडा-टिटवाळा या पट्ट्यातले शेतकरी नेहमी विचारतात, "साहेब, अलिबागला माड होतो, वसईला होतो, मुंबईत तर रस्त्याकडेला होतो, मग आमच्याकडे का होणार नाही?" होतो. आपल्या गावठाणातही पुष्कळ माड उभे आहेत. पण एका घराच्या परसातला माड उत्तम लागतो आणि हाकेच्या अंतरावर नदीकाठच्या मळ्यातला माड झावळ्या काढतो, पण नारळ धरत नाही, असे का होते, याचे उत्तर देताना बहुतेक जण पाणी, खत आणि नशीब एवढ्यावर थांबतात. थंडीचे नाव फारसे कोणी घेत नाही. कोकणात कसली थंडी, असे आपल्याला वाटते.

आधी मुंबईचेच उदाहरण घेऊ. आकाशवाणीवर मुंबईचे तापमान सांगतात तेव्हा कुलाबा आणि सांताक्रूझ असे दोन आकडे देतात, हे तुम्ही ऐकले असेल. शहर एक, मग आकडे दोन कशाला? जानेवारीत कुलाब्याचे सरासरी किमान तापमान, म्हणजे पहाटेचे, १९ ते २० अंश सेल्सिअस असते. सांताक्रूझचे १७ च्या आसपास. मधे अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. १९६२ सालच्या जानेवारीत उत्तरेकडून थंडीची मोठी लाट आली होती. त्या लाटेत सांताक्रूझला पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला, तर कुलाब्याला ११.७ वर थांबला. एकाच शहरात चार अंशांहून अधिक फरक!

याचे कारण समुद्र. जमीन वरच्यावर तापते आणि रात्री वरच्यावर निवते. पाण्याचे तसे नसते. समुद्र ऊन खोलवर साठवतो आणि सावकाश सोडतो. ऐन जानेवारीतही आपल्या किनाऱ्याच्या समुद्राचे पाणी २५ अंशांच्या आसपास कोमट असते. कुलाब्याच्या तिन्ही बाजूंना हे कोमट पाणी आहे. सांताक्रूझही किनाऱ्यापासून फार लांब नाही, पण हिवाळ्याच्या रात्री वारा समुद्राकडून येत नाही. तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. म्हणून तिथे पोचणारी हवा ठाणे-कल्याणच्या निवालेल्या जमिनीवरून आलेली असते.

आता आपले पाहा. आंबिवली उघड्या समुद्रापासून सरळ रेषेत चाळीस किलोमीटरांच्या आसपास आत आहे. उंची म्हणाल तर समुद्रसपाटीपासून फारशी नाही, म्हणजे ही थंडी डोंगराच्या उंचीची नव्हे. ती आहे निवलेल्या जमिनीची, स्वच्छ आकाशाची आणि नदीखोऱ्यात साचलेल्या हवेची. म्हणून थंडीच्या लाटेत आपल्याकडच्या सखल शेतात सांताक्रूझपेक्षा आणखी दोन-तीन अंश खाली जाणे नवलाचे नाही. कुलाब्याचा आकडा ऐकून आंबिवलीत माड लावणे म्हणजे शेजारच्या गावचा पाऊस पाहून आपली आवणी करणे होय.

थंडी दोन तऱ्हेची

जगात माड कुठपर्यंत जातो हे पाहिले की एक गोष्ट नीट उमजते. माडाला थंडी दोन रीतींनी बाधते. एक, एका रात्रीचा तडाखा. दुसरी, महिना-दीड महिना चाललेला गारठा. या दोन वेगळ्या आहेत आणि त्यांवरचा उपायही वेगळा आहे.

अमेरिकेत मायामी म्हणून समुद्रकाठचे शहर आहे. तिथे जानेवारीचे सरासरी किमान तापमान १६ अंशांच्या जवळपास आहे, म्हणजे आपल्या सांताक्रूझसारखेच. तिथे माड भरपूर आहेत. पण उत्तरेकडे अडवायला मोठा डोंगर नसल्यामुळे अधूनमधून एकदम गोठवणारी हवा खाली येते. १९७७ च्या जानेवारीत तर मायामीत चक्क बर्फाची भुरभुर झाली. याच प्रांतात आणखी उत्तरेला गेले की अशा एखाद्या रात्रीत वर्षानुवर्षे वाढलेले माड मरतात. हा झाला एका रात्रीचा तडाखा.

हाँगकाँगचे उलट. तिथेही पहाटेचे किमान तापमान जानेवारीत १४-१५ च्या दरम्यान असते, फार वाईट म्हणता येणार नाही. पण दिवसाही पारा १८-१९ च्या वर जात नाही. आभाळ भरलेले, हवा ओलसर, आठवडेच्या आठवडे ऊब नाही. माड तिथे मरत नाही, पण फळही नीट धरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात बर्फ पडत नाही, समुद्र दारात आहे, पण थंडीच्या दिवसात दुपारचे तापमान १७ आणि पहाटेचे ८ अंशांच्या आसपास. तिथे माडाचे काम नाही. हा दुसरा प्रकार, लांबलेल्या गारठ्याचा.

आता आपल्या देशातली आणि शेजारची शहरे याच फूटपट्टीने मोजू. कलकत्त्याला जानेवारीत पहाटे १४, दुपारी २५-२६. दोन्हींची सरासरी वीसच्या आसपास. माड तिथे होतो, पण थंडीत त्याची वाढ मंदावते. कराचीला पहाटेचे तापमान ११-१२ पर्यंत उतरते आणि हवाही कोरडी, म्हणून समुद्र असूनही तो माडाचा मुलूख नव्हे. सौराष्ट्रात वेरावळ, चोरवाड, मांगरोळ या किनारपट्टीत माडाच्या चांगल्या बागा आहेत, कारण पहाटेचा पारा सोळाच्या आसपास राहतो. तिथून आत राजकोटला गेलात की तो बाराच्या आसपास येतो आणि माडही तुरळक होतात. ही समुद्राची सावली! रत्नागिरी आणि पणजीला पहाटे १९-२०, दुपारी ३० च्या वर. तिथल्या माडाला थंडी म्हणजे काय ते ठाऊकच नाही.

ठाणे जिल्ह्याच्या आतल्या भागाची मोठी जमेची बाजू आहे ती दुपारची. आपल्याकडे पहाटे हुडहुडी भरली तरी दुपारी बारा वाजता जानेवारीतही पारा ३० च्या जवळ जातो. माडाला सरासरी २७ अंश तापमान सर्वांत मानवते. सांताक्रूझची जानेवारीची सरासरी काढली तर ती २४ येते. आपली त्याहून थोडी कमी. म्हणजे लांबलेल्या गारठ्याची आपल्याला भीती नाही. आपली भीती आहे ती काही मोजक्या पहाटांची, आणि तीही सखल जागी. हे ध्यानात आले की अर्धे काम झाले, कारण मोजक्या पहाटांपासून रोपाला वाचवता येते आणि जागा निवडणे तर संपूर्ण आपल्याच हातात आहे.

गार हवा पाण्यासारखी वाहते

रात्री निवलेली हवा जड होते. जड हवा पाण्यासारखी उताराने खाली उतरते आणि खळग्यात साचते. पहाटे काळू नदीच्या काठाला धुके कुठे बसते ते पाहा. वालाच्या पानांवर दहिवर कुठे जास्त पडते ते पाहा. अनवाणी चालताना कोणत्या बांधापाशी पाय एकदम गार पडतात तेही आठवा. गार हवेचा नकाशा तोच. वरकस जमिनीच्या मध्यावर उभे राहिलात तर त्याच वेळी तिथे दोन अंश ऊब जास्त सापडेल. सगळ्यात वर, उघड्या टेकाडावरही माड लावू नका, कारण तिथे वारा लागतो आणि पाणी पुरत नाही. मधला उतार चांगला.

नदीकाठच्या गाळाच्या जमिनीचा मोह सुटत नाही हे मला माहीत आहे. माती भारी, पाणी जवळ. पण तीच जागा पावसाळ्यात पुराची आणि हिवाळ्यात हिवाची. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २०१९ च्या जुलैत उल्हास खोऱ्यात पाणी कुठपर्यंत आले होते ते गावातले लोक बोट दाखवून सांगतील. त्या खुणेच्या खाली माड लावायचा असेल तर उंच वरंबे करा, नाहीतर ती जमीन भाताला आणि भाजीला ठेवा. माझे मत विचाराल तर भाजीलाच ठेवा.

आणि एक गोष्ट. गावात घरांजवळचे माड का लागतात, याचेही उत्तर यातच आहे. भिंती दिवसाची ऊब धरतात, आजूबाजूची झाडे आकाशाकडे जाणारी उष्णता अडवतात, मोरीचे पाणी माती ओली ठेवते. परसातल्या माडावरून मोकळ्या मळ्याचा अंदाज करू नये.

मोजायचे कसे

कमाल-किमान तापमापक बाजारात मिळतो. त्यात रात्री पारा कितीपर्यंत उतरला त्याची खूण राहते, म्हणून पहाटे उठून बसावे लागत नाही. शेतात खांब रोवून जमिनीपासून साधारण चार फुटांवर तो बांधा. वर छोटे छप्पर हवे, बाजूंनी हवा खेळती हवी, ऊन थेट लागता कामा नये. घराच्या भिंतीवर लावाल तर भिंतीची ऊब मोजाल, शेताची नव्हे. १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी असे दोन महिने रोज सकाळी वहीत आकडा लिहा आणि शेजारी त्या दिवशीचा सांताक्रूझचा आकडा लिहा. आठ-दहा दिवसांत तुम्हाला कळेल की आपले शेत सांताक्रूझच्या किती खाली चालते. तो फरक एकदा कळला की पुढे रेडिओवरचा आकडा ऐकून आपल्या शेतातली थंडी तुम्हीच सांगाल. मात्र हा फरक निरभ्र, वारा पडलेल्या रात्री वाढतो आणि ढगाळ रात्री जवळजवळ नाहीसा होतो, एवढे लक्षात ठेवा.

तीन-चार शेतकऱ्यांनी मिळून एकेक तापमापक घ्यावा. एक नदीकाठी, एक मध्यावर, एक गावठाणाजवळ असे लावावेत. खर्च थोडा आणि माहिती सगळ्यांना.

वही भरल्यावर काय पाहायचे? सर्वांत खालचा एक आकडा पाहून घाबरू नका. १२ अंशांच्या खाली किती पहाटा गेल्या ते मोजा. दोन महिन्यांत अशा दोन-चार पहाटा असतील तर माड खुशाल लावा. लागोपाठ आठवडा-आठवडा पारा तिथे बसत असेल तर ती जागा सोडा आणि थोडे वर सरका. पोफळीला याहूनही जास्त जपावे लागते. तिला १४ अंशांच्या खालची हवा मानवत नाही. श्रीवर्धन-मुरूडच्या वाड्यांत पोफळ जोमाने येते ती समुद्र जवळ, गडगे चारी बाजूंनी आणि वर माडांची सावली म्हणून. आपल्याकडे पोफळ लावायचीच असेल तर आधी माड, मग चार-पाच वर्षांनी त्यांच्या आसऱ्याला पोफळ, असा क्रम ठेवा. मोकळ्या रानात पोफळीची ओळच्या ओळ लावू नका. तिथे थंडीत पाने करपतात आणि उन्हाळ्यात नैऋत्येचे ऊन खोडाला भाजते.

आपल्या रानातल्या ताडाला आणि शिंदीला ही थंडी काहीच करत नाही. खजुराला तर थंडी चालते. तरीही अलीकडे खजुराची महाग रोपे विकायला येतात त्यांच्यापासून सावध राहा. खजुराचा शत्रू थंडी नसून ऐन फळात येणारा पाऊस आहे. कच्छमध्ये फळ जून-जुलैत उतरवतात. त्याच वेळी आपल्याकडे आभाळ फाटलेले असते. झाड वाढेल, शोभेल, पण फळ कुजेल.

टिटवाळा-आंबिवलीकडे आता मोठमोठे गृहसंकुल उभे राहत आहेत. त्यांच्या बागांसाठी शोभेच्या पामची रोपे तयार करून विकणे हाही जोडधंदा आहे. त्यात रॉयल पाम, फॉक्सटेल पाम ही झाडे आपली थंडी सहन करतात. लाल देठाचा लिपस्टिक पाम मात्र विषुववृत्ताकडचा आहे. तो शेडखाली आणि ओलाव्यातच ठेवा, उघड्यावर विकत घेणाऱ्याला तसे आधीच सांगा.

पहिले दोन हिवाळे

आंब्याची एक फांदी गेली तर दुसरी फुटते. माडाला वाढीचा कोंब एकच. तो गेला की झाड गेले. मोठ्या माडाचा कोंब उंचावर, झावळ्यांच्या मिठीत असतो. लहान रोपाचा कोंब मात्र जमिनीलगत असतो आणि सर्वांत गार हवाही नेमकी जमिनीलगतच असते. म्हणून पहिले दोन हिवाळे निभावले की पुढे माड स्वतःला सांभाळतो.

जूनमध्ये लागवड करा, म्हणजे थंडी येईपर्यंत मुळे धरतात. एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा, दोन माडांत साडेसात मीटर अंतर. खते पुढीलप्रमाणे: पाच वर्षांवरच्या माडाला वर्षाला ५० किलो शेणखत, सव्वादोन किलो युरिया, ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. पहिल्या वर्षी याचा पाचवा हिस्सा, पुढे दरवर्षी एकेक हिस्सा वाढवायचा. शेणखत आणि स्फुरद जूनमध्ये एकदम द्या. युरिया आणि पोटॅश जून, ऑक्टोबर, फेब्रुवारी असे तीन वेळा विभागून द्या. ऑक्टोबरचा पोटॅशचा हप्ता पुष्कळ जण चुकवतात. तोच थंडी आणि पाण्याची ओढ सोसायला झाडाच्या उपयोगी पडतो.

थंडीची लाट येणार असे ऐकले की आदल्या दिवशी दुपारी आळ्यात पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्रभर सोडत राहते. कोरडी, भुसभुशीत माती लवकर निवते. गवताचे आच्छादन उन्हाळ्यात फार चांगले, पण जानेवारीत ते रोपाच्या बुंध्याला चिकटवून ठेवू नका. गवत मातीची ऊब वर येऊ देत नाही आणि गवतावरची हवा अधिकच गार होते. बुंध्याभोवती वीतभर माती उघडी ठेवा. रोपाच्या उत्तरेला आणि वर झाप बांधा. झापाचा उपयोग वारा अडवण्याइतकाच वरचे उघडे आकाश झाकण्यासाठीही होतो. सकाळी ऊन आले की वरचा झाप बाजूला सारा. शेतात धूर करण्याची जुनी रीत आहे. तिचा फायदा नुसता धुरापेक्षा विस्तवाच्या उष्णतेचा असतो आणि तो फार लांब पोचत नाही. पेंढा जाळण्यापेक्षा तो गुरांना घाला.

झालेली इजा ओळखताना मात्र घाई करू नये. थंडीच्या लाटेनंतर आठवड्याभरात उघड्या बाजूच्या पातीची टोके करपली, तर ते हीव. जुन्या झावळ्यांवर पिवळे-नारिंगी ठिपके पडून टोके वाळत असतील, तर पोटॅश कमी आहे. नवी झावळी उलगडताना पंख्यासारखी कातरलेली निघाली, तर तो गेंड्या भुंगा, आणि त्याचे घर तुमच्याच उकिरड्यात आहे. थंडीत लहान फळे गळली म्हणून सगळा दोष थंडीला देऊ नका. पाण्याची पाळी लांबली तरी फळे गळतात. आणखी एक असे की माडाचा पोय बाहेर दिसण्याच्या सुमारे अडीच वर्षे आधी झाडाच्या पोटात धरलेला असतो. आज पोय कमी दिसले तर दोन-अडीच वर्षांमागचे पाणी आणि खत आठवा.

ज्या फळझाडांना ही पहाटेची थंडी उलट हवी असते, ते म्हणजे आपला आंबा. मोहोर फुटायला गारठा लागतो. तेव्हा वहीतल्या आकड्यांवरून एखादी वरची जागा माडाला थोडी गार निघाली, तर तिथे हापूस किंवा रायवळ लावण्याचा विचार करायला हरकत नाही.

जातींबद्दल विचाराल तर बाणवली आपल्या भागात टिकाऊ आहे. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. तिथली प्रताप ही जात आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने शिफारस केलेल्या संकरित जातीही घेता येतील. रोप खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्या. नऊ ते बारा महिन्यांचे, बुंधा जाड, पाच-सहा पाने असलेले निवडा. लांबचे रोप आणले असेल तर ते आठ-पंधरा दिवस आपल्या अंगणात सावलीला ठेवून मग शेतात न्या.

ज्यांनी या हिवाळ्यात वही भरली, त्यांनी ती फेब्रुवारीअखेर आपल्या कृषी सहाय्यकाला दाखवावी आणि कार्यक्रमाला पत्र पाठवावे. पत्रात शेत नदीपासून किती अंतरावर आहे, सर्वांत खालचा आकडा कोणत्या पहाटेचा आणि त्या दिवशी सांताक्रूझचा किती होता, एवढे जरूर लिहावे. जूनच्या लागवडीआधी त्यावर उत्तर देता येईल.